दर दोन तासांनी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इजिप्तमधल्या लक्सॉर इथे १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने पपायरसची एक जुनी गुंडाळी विकत घेतली. पुढे ती वाचली गेली तेव्हा लक्षात आलं, की हा शस्त्रवैद्यकाचा ग्रंथ आहे. ही प्रत इसवी सनापूर्वी सोळाशेच्या सुमाराची आणि मूळ मजकूर त्याहूनही जुना. त्यात ४८ जखमींच्या हकिगती आहेत. प्रत्येकाला कसं तपासायचं, काय निदान करायचं आणि शेवटी वैद्याने कोणता निर्णय द्यायचा, हे क्रमाने सांगितलं आहे. निर्णय तीनच. काही रुग्ण बरे करायचे, काहींच्या बाबतीत झुंज देऊन पाहायची आणि काहींवर उपचारच करायचे नाहीत.

एकतिसावा रुग्ण या तिसऱ्या वर्गातला. त्याच्या मानेचा मणका निखळलेला आहे. हातापायांची त्याला जाणीव नाही. लघवी नकळत ठिबकते आहे. आजचा डॉक्टरही केसपेपरवर जवळपास असंच लिहील. इतकं अचूक निरीक्षण करणाऱ्या त्या वैद्याने रुग्णाला मात्र सोडून दिलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती काही नव्हतंच. नवल याचं, की हा निर्णय पुढे साडेतीन हजार वर्षं जवळपास तसाच राहिला. पहिल्या महायुद्धातल्या अशा जखमी सैनिकांबद्दल हार्वे कुशिंग या नामवंत अमेरिकन शल्यविशारदाने लिहून ठेवलं आहे, की त्यांतले सुमारे ८० टक्के पहिल्या काही आठवड्यांतच दगावले.

ते दगावले कशाने? आपण रात्री गाढ झोपेत असलो तरी अधूनमधून कूस बदलतो. एका जागी दाब पडून तिथलं रक्त अडलं, की त्वचा तक्रार करते आणि झोपेतच आपण वळतो. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटला, की ही तक्रार मेंदूपर्यंत पोहोचत नाही. पोहोचली तरी वळायला स्नायू हुकमात नसतात. मग माकडहाडावर, कमरेच्या दोन्ही बाजूंना, टाचांवर कातडी काळी पडते, फुटते आणि जखम हाडापर्यंत खोल जाते. दुसरीकडे मूत्राशय स्वतःहून रिकामं होत नाही, तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि ते मूत्रपिंडापर्यंत चढतात. या दोन वाटांनी रक्तात विष भिनायचं. कणा मोडला म्हणून मेलेले फार थोडे. अंथरुणावर पडून राहिल्याने आणि कुणी वळवलं नाही म्हणून मेलेले पुष्कळ.

आज मला सांगायची आहे ती गोष्ट या वळवण्याची. वैद्यकाच्या इतिहासात आपण शस्त्रक्रिया आणि औषधं यांच्या तारखा पाठ करतो. पेनिसिलिन कधी, क्ष-किरण कधी, हृदयारोपण कधी. पण एका मोठ्या रुग्णवर्गाचं नशीब पालटलं ते वॉर्डातल्या माणसांना एक कंटाळवाणं काम शिकवल्यामुळे, ही नोंद सहसा होत नाही.

लुडविग गुटमान यांचा जन्म १८९९चा. जर्मनीच्या सायलेशिया या कोळशाच्या मुलखातला. आज तो भाग पोलंडमध्ये आहे. १९१७ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, ते एका अपघात रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करत होते. कणा मोडलेला एक तरुण खाणकामगार तिथे आणला गेला. चांगला धडधाकट गडी. गुटमान त्याची टिपणं करू लागले, तेव्हा फार खटाटोप नको, हा काही आठवड्यांत जाणारच, असं त्यांना सांगण्यात आलं. पाचेक आठवड्यांत तो गेलाही. वॉर्डातल्या कुणाला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. गुटमान मात्र त्याला जन्मभर विसरले नाहीत.

पुढे ते डॉक्टर झाले, ब्रेस्लाउ शहरात मेंदू आणि मज्जासंस्थेच्या शास्त्रात त्यांनी नाव मिळवलं. ते ज्यू होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना सरकारी रुग्णालय सोडावं लागलं आणि ते ज्यूंच्या रुग्णालयात गेले. १९३८च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूंवर हल्ल्यांची ती कुप्रसिद्ध रात्र उजाडली, तेव्हा त्यांनी हुकूम दिला, की दारात येईल त्या पुरुषाला काही न विचारता दाखल करून घ्या. दुसऱ्या दिवशी गेस्टापो आले. गुटमान त्यांना घेऊन खाटांमधून फिरले आणि एकेकाचा आजार समजावून सांगत गेले, काही आजार तर तिथल्या तिथे रचून. दाखल झालेल्या चौसष्टांपैकी साठ जण वाचले, असं सांगितलं जातं. १९३९च्या मार्चमध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला निसटले आणि ऑक्सफर्डमध्ये संशोधन करू लागले.

युद्ध पेटलेलं होतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायची तयारी चालली होती. त्यात कणा मोडलेले शेकडो जवान येणार हे लष्कराला दिसत होतं. लंडनजवळच्या एल्सबरी गावाशेजारी, स्टोक मँडेव्हिल इथे अशा जखमींसाठी केंद्र काढायचं ठरलं. ते चालवायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं. मरणाऱ्यांचा वॉर्ड कोण मागून घेणार? गुटमान तयार झाले, पण अट घातली, की उपचार माझ्या पद्धतीने होतील, कुणी लुडबुड करायची नाही. १ फेब्रुवारी १९४४ रोजी केंद्र सुरू झालं. हाताशी पंचवीसेक खाटा आणि रुग्ण अवघा एक.

पद्धत म्हणाल तर तिच्यात कसलीच जादू नव्हती. अमेरिकेत बोस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी १९३६ सालीच असा छोटा वॉर्ड काढला होता आणि त्यांचं काम गुटमान यांना माहीत होतं. रुग्ण यायचे तेव्हा बरेचदा प्लास्टरच्या साच्यात बांधलेले असायचे. प्रवासात कणा हलू नये म्हणून. ते प्लास्टर काढलं, की आत पाठ सडलेली दिसायची. गुटमान यांनी साचे बंद केले. रुग्णाला रबरी फोमच्या उशा आणि गाद्यांच्या आधाराने निजवायचं, आणि दर दोन तासांनी वळवायचं. डाव्या कुशीवर, पाठीवर, उजव्या कुशीवर. दिवसा आणि रात्रीही. वळवताना कणा वाकू नये म्हणून तीन-चार जणांनी एका दमात, ओंडका फिरवावा तसं फिरवायचं. प्रत्येक वेळी कातडी पाहायची. लाली दिसली, तर त्या जागेवर पुन्हा भार पडू द्यायचा नाही. लघवी काढण्याची नळी घालायची ती कडक निर्जंतुक पद्धतीने. हे काम कनिष्ठ हातांवर न सोपवता सुरुवातीला गुटमान यांनी स्वतः आणि आपल्या डॉक्टरांकडून करून घेतलं.

आता हिशेब करा. दोन तासांनी एकदा, म्हणजे एका रुग्णाला दिवसातून बारा वेळा. सहा महिन्यांत रुग्ण पन्नासच्या घरात गेले. म्हणजे रोज सहाशे वेळा तीन-चार माणसांनी मिळून एक देह उचलून वळवायचा. युद्धकाळ, माणसांची चणचण, आणि ज्यांच्याकडून हे करून घ्यायचं त्या परिचारिकांना व मदतनिसांना मनातून खात्री, की हा रुग्ण काही जगत नाही. जो जगणारच नाही त्याला पहाटे तीन वाजता गाढ झोपेतून उठवून कशाला छळायचं? हा विचार क्रूर नव्हता, उलट त्यात दयाच होती. गुटमान यांची खरी झुंज या दयेशी होती.

त्यांनी शिकवलं ते व्याख्यानं देऊन नव्हे. लष्करातून मदतनीस मिळवून वळवण्याच्या तुकड्या तयार केल्या. ते स्वतः अवेळी, मध्यरात्री वॉर्डात येऊन उभे राहत आणि वेळेवर कूस बदलली की नाही ते पाहत. स्वभावाने ते तापट आणि हुकूमशाही वळणाचे होते. मनासारखं झालं नाही की डॉक्टर, नर्स, रुग्ण कुणाचीही गय नसे. रुग्ण मात्र त्यांना ‘पॉपा’ म्हणत. माझ्या मते या शिकवणीचा निर्णायक दिवस तो, ज्या दिवशी एखाद्या नर्सने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल, की जुनी जखम भरते आहे. त्यानंतर रात्री तीनचा गजर लावायला तिला कुणी सांगावं लागलं नसेल.

जखमा भरल्या तशी पुढची अडचण उभी राहिली. माणूस जगला, आता त्याने करायचं काय? गुटमान यांनी वॉर्डाला जोडून सुतारकामाची आणि घड्याळदुरुस्तीची कार्यशाळा काढली. मग खेळ आले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसून सोळा जणांनी तिरंदाजीची स्पर्धा केली. त्यात दोन स्त्रिया होत्या. चार वर्षांनी हॉलंडचे खेळाडू आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली ती रोमला भरली. आज जगभर पॅरालिंपिक म्हणून ओळखले जातात ते हेच खेळ. त्यांचा उगम क्रीडामंडळात नाही, एका वॉर्डात आहे, हे पदकांच्या धामधुमीत विसरायला होतं.

या धाग्याचं एक टोक आपल्या सांगली जिल्ह्यात आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला झालेल्या स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार करून सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. ज्या जर्मनीतून गुटमान यांना पळावं लागलं होतं तिथेच ही स्पर्धा भरली आणि अधिकृत गणनेत ती एकविसावी आंतरराष्ट्रीय स्टोक मँडेव्हिल स्पर्धा होती. पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. तो वेगळा विषय.

आपल्याकडे या सेवेची सुरुवात तशी मागासलेली नव्हती. पुण्याचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४चंच, म्हणजे स्टोक मँडेव्हिलचं समवयस्क. मुंबईत पन्नासच्या दशकाच्या आरंभी के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पोलिओच्या साथींनी ती गरज दाखवून दिली होती. १९५५ साली हाजी अलीजवळ अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. पण मणका मोडलेल्या माणसाचा डॉक्टर कसा घडवायचा, याचा आपल्या देशातला सर्वांत बोलका धडा मला वाटतं वेल्लोरचा आहे.

तिथे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद होते. जन्म कोल्ली डोंगरातला, १९१४चा, आईवडील मिशनरी. कुष्ठरोग्यांची बोटं आपोआप झडतात, त्यांचं मांसच वाईट असतं, अशी समजूत डॉक्टरांचीही होती. ब्रँड यांनी दाखवलं, की संवेदना गेल्यामुळे त्यांना भाजलेलं, कापलेलं कळत नाही आणि दुखापतींनी बोटं जातात. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट, त्वचेची तक्रार न पोहोचण्याची. आकडलेल्या हातांवर स्नायुबंध बदलून ते शस्त्रक्रिया करू लागले.

त्याच कॉलेजातली मेरी वर्गीस ही कोचीनकडची तरुण डॉक्टर. १९५४च्या जानेवारीत सहकाऱ्यांबरोबर सहलीला जाताना गाडी उलटली. चेहरा जखमी झाला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं तिचं ठरलं होतं, ते मिटलं. ब्रँड यांनी तिला सुचवलं, की हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते. मेरी चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागली. रुग्ण पाहत, की आपल्याला तर पाय आहेत, चालता येतं. ही बाई खुर्चीतून उठू शकत नाही आणि आपला हात दुरुस्त करते आहे. त्या वॉर्डातल्या विद्यार्थ्यांना यापेक्षा वेगळं अपंगत्वाचं व्याख्यान काय द्यायचं होतं?

स्वतःच्या पुनर्वसनासाठी त्या ऑस्ट्रेलियात पर्थला गेल्या. तिथलं मज्जारज्जूच्या रुग्णांचं केंद्र जॉर्ज बेडब्रुक यांनी १९५४ साली सुरू केलं होतं. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून मोटारीत एकटीने कसं जायचं, हे एक शिकलेली डॉक्टर वयाच्या तिशीनंतर रुग्ण म्हणून शिकली. तिथून त्या न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्या प्रख्यात संस्थेत गेल्या आणि पुनर्वसनवैद्यकाचं रीतसर शिक्षण घेतलं. १९६३ साली वेल्लोरला या विषयाच्या विभागाच्या त्या प्रमुख झाल्या, १९६६ साली बागायम इथे पुनर्वसन संस्था उभी राहिली, १९७२ साली पद्मश्री मिळाली. १९८६ साली त्या वारल्या. गुटमान त्यांच्या सहा वर्षं आधी, १९८०च्या मार्चमध्ये गेले होते.

वेल्लोरमध्ये जे घडलं ते देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पसरलं असतं, तर पुढचा इतिहास सांगायची गरज पडली नसती. आपल्या डॉक्टरांना अपंगत्व भेटत राहिलं ते मुख्यतः दोन रूपांत. एक, परीक्षेत रुग्ण म्हणून आणि दुसरं, टक्केवारीच्या दाखल्याच्या रूपात. हात किती टक्के गेला, हे मोजायला शिकवलं. अंध माणसाला तपासणीच्या टेबलापर्यंत कसं न्यायचं, कर्णबधिर बाईला पोटात कुठे दुखतं ते कसं विचारायचं, हे शिकवलं नाही. चाकांच्या खुर्चीवरच्या कुणालाही विचारा. डॉक्टर आजाराची चौकशी करतात ती खुर्ची ढकलणाऱ्याकडे. साधा ताप आला असला तरी!

दरम्यान शब्द बदलले. पंगू, अपंग, विकलांग आणि आता सरकारदरबारी दिव्यांग. शब्द बदलायला एक परिपत्रक पुरतं. रॅम्प बांधायला सिमेंट लागतं आणि टेबलाची उंची कमीजास्त करायला पैसे.

कायदाही बदलला. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार केला, भारताने त्याला २००७ साली मान्यता दिली. त्या करारात स्पष्ट म्हटलं आहे, की आरोग्यसेवकांनी अपंगांना इतरांच्या बरोबरीची सेवा दिली पाहिजे आणि त्यासाठी त्यांना प्रशिक्षण दिलं पाहिजे. आपला १९९५चा कायदा सात प्रकारचं अपंगत्व मानत होता. २०१६चा कायदा एकवीस प्रकार मानतो. दवाखाने, मग ते सरकारी असोत वा खासगी, अडथळ्यांविना असावेत आणि अपंगांना तपासणीत अग्रक्रम मिळावा, असं तो सांगतो. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या शिक्षणात अपंगत्व हा विषय असावा, असंही.

कायद्यातलं अभ्यासक्रमात आणायला मात्र पुन्हा डॉक्टरच लागले आणि तेही स्वतः अपंग असलेले. दिल्लीच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. सतेंद्र सिंह लहानपणी पोलिओ झालेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अपंग व्यक्तींना, त्यांच्या कुटुंबीयांना आणि शिक्षकांना बरोबर घेऊन, भारतीय डॉक्टराला अपंग रुग्णाशी वागताना काय काय यायला हवं, अशा २७ क्षमतांची यादी केली. २०१९ साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा पहिल्या महिन्याच्या पायाभूत वर्गात हा विषय प्रथमच रीतसर आला. विद्यार्थी शरीराची चिरफाड शिकण्याआधीच त्याची अपंग माणसाशी गाठ पडावी, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. पण मिळालेलं टिकवावंही लागतं. २०२४च्या ऑगस्टअखेर नवी मार्गदर्शक तत्त्वं निघाली, तेव्हा हा भाग गळाल्याची तक्रार अपंग डॉक्टरांना करावी लागली. इतरही कारणांनी टीका झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती तत्त्वं मागे घेऊन नंतर सुधारून काढली गेली.

आणि एक गोष्ट राहते. स्टोक मँडेव्हिलमध्ये वळवायला पगारी मदतनीस होते. आपल्याकडे आंब्याच्या झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडून कणा मोडलेला माणूस काही आठवड्यांत घरी येतो आणि त्याला वळवते ती त्याची आई किंवा बायको. एकटी. २०१६च्या कायद्याचं ४७वं कलम मी मुद्दाम वाचून पाहिलं. कुणाकुणाच्या शिक्षणात अपंगत्व असावं, याच्या यादीत डॉक्टर आणि परिचारिका आहेत तशा आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्याही आहेत. त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचणारी आरोग्यसेवा म्हणजे प्रत्यक्षात तीच. तिला शिकवायचं ते अर्ध्या दिवसात शिकवता येईल असं आहे. चादरीचा आधार घेऊन एकटीने कूस कशी बदलायची, दोन गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची, टाचा गादीला टेकू न देता पोटऱ्यांखाली घडी कशी घालायची, रोज सकाळी उजेडात माकडहाडाची जागा कशी पाहायची, आणि रुग्णाच्या हातात ताकद असेल तर त्याच्या हाती आरसा देऊन त्यालाच ती कशी पाहायला लावायची. बोटाने दाबल्यावरही लाली जात नसेल, तर त्या बाजूवर निजवायचं नाही आणि दवाखान्यात कळवायचं. आणि घरात घड्याळ असतंच, त्यावर रात्रीचे गजर लावून द्यायचे. अकराचा, एकचा, तीनचा आणि पाचचा.